अनाथ भाचा, पुतणी किंवा नातवाला कॅनडात नेताना: ठाणे-नवी मुंबईत कागद कोणत्या क्रमाने जमवायचे

फॉर्म सगळ्यात शेवटी भरायचे असतात. हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण होतं नेमकं उलटं. तिकडे मामा शनिवार-रविवार बसून फॉर्म भरून टाकतो, इकडे आजी पासपोर्टच्या मागे धावते, आणि सहा महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की मुलाच्या वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर आडनावच चुकलंय. मग पहिल्यापासून.

ठाण्यात आणि नवी मुंबईत ओळखीच्या चार-सहा घरांच्या अशा फायली लावायला मी बसलोय. वकील नाही, एजंटही नाही. पण चुका त्याच त्या होताना पाहिल्यात, म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय.

हे सगळं कॅनडापुरतं आहे. तिथे अनाथ नातेवाइकांसाठी वेगळा वर्ग आहे: तिथला नातेवाईक, म्हणजे स्पॉन्सर, खर्चाची हमी देऊन मुलाला कायम वास्तव्यासाठी बोलावतो. अमेरिकेत भाचा-पुतण्यासाठी असा वर्गच नाही. नागरिकाला सख्ख्या भावंडासाठी अर्ज करता येतो, पण ती रांग दहा वर्षांहून लांब. ऑस्ट्रेलियात अनाथ नातेवाइकांसाठी ११७ क्रमांकाचा व्हिसा आहे. आईवडील बेपत्ता असले किंवा सांभाळायला कायमचे असमर्थ असले तरी तो चालतो, पण तिथेही वाट वर्षानुवर्षं पाहावी लागते.

## १. आधी पाहा, मूल या वर्गात बसतं का

कॅनडाच्या नियमात चार अटी एकत्र लागतात. मुलाचे आई आणि वडील दोघंही मृत. मुलाचं वय १८ पेक्षा कमी. मूल अविवाहित, कुणाबरोबर जोडीदार म्हणून न राहणारं. आणि ते स्पॉन्सरचं भावंड, भावंडाचं मूल किंवा नातवंड, तेही रक्ताच्या किंवा कायदेशीर दत्तकाच्या नात्याने.

निम्म्या घरांचं गाडं इथेच अडतं. वडील वारले, आईने दुसरं लग्न केलं आणि मूल आजीकडे वाढतंय: बसत नाही. आई वारली, वडील घर सोडून गेले, कुठे आहेत पत्ता नाही: बसत नाही. वडील तुरुंगात: बसत नाही. आजीनेच लहानाचं मोठं केलं याला इथे वजन नाही. आपल्याकडे बालसंगोपन योजनेत एकच पालक असलेली मुलंही येतात आणि बोलताना सगळे त्यांना अनाथ म्हणतात. तो शब्द कॅनडाच्या फॉर्मवर नेऊ नका.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. मावसभाऊ, चुलतबहीण ही आपल्याला भावंडंच. त्यांची मुलं आपले भाचे-पुतणे. कॅनडाच्या नियमात ती नाहीत. सख्खं किंवा सावत्र चालतं, पण सावत्रमध्ये एक पालक समान हवा. काकूच्या भाच्याला काका स्पॉन्सर करू शकत नाही, काकूनेच करायचं. काका उत्पन्नासाठी सहस्वाक्षरी करू शकतो.

वडील बेपत्ता असतील तर: सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, त्याला मृत मानून घोषित करण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. त्या निकालावर मृत्यूची नोंद होते. सात वर्षं झाली नसतील तर थांबा, किंवा मानवतेच्या कारणावरून वेगळी विनंती करता येईल का ते कॅनडातल्या परवानाधारक सल्लागाराला विचारा.

सावधान: 'दाखला मिळवून देतो' म्हणणारा माणूस कुठल्याही महापालिकेच्या आवाराबाहेर भेटतो. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडाचं दार पाच वर्षं बंद होतं, आणि ते मुलासाठी बंद होतं, त्या माणसासाठी नाही.

## २. मृत्यूचे दाखले

मृत्यूची नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे, घर जिथे आहे तिथे नाही. नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला शीवच्या रुग्णालयात नेलं आणि तो तिथे गेला, तर दाखला मुंबई महापालिकेचा. ठाण्याच्या नागरी सुविधा केंद्रात दहा हेलपाटे घातले तरी तो निघणार नाही. नवी मुंबईतही हद्द आधी बघा. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ही नवी मुंबई महापालिका. खारघर, कामोठे आपण नवी मुंबईच म्हणतो, पण ती पनवेल महापालिकेत येतात आणि जिल्हाही रायगड. हा फरक पुढे न्यायालयाच्या वेळी पुन्हा आडवा येतो.

मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा असतो. वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. गावाला गेल्यावर वारलेल्या माणसांची नोंद राहून गेल्याचं बरेचदा आढळतं: स्मशानाची पावती आहे, तेराव्याचा फोटो आहे, दाखला नाही. हे आधी मिटवा.

दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. मृताचं पूर्ण नाव, त्याच्या वडिलांचं किंवा पतीचं नाव, आईचं नाव, तारीख, ठिकाण. चूक असेल तर पुरावा देऊन निबंधकाकडून दुरुस्ती होते. दोघांच्या मूळ प्रती किमान तीन-तीन घ्या.

महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र असेल, किंवा कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी सरकारने ठेव ठेवली त्याची कागदपत्रं असतील, तर फायलीत जरूर जोडा. आधार म्हणून चांगली आहेत. मृत्यूच्या दाखल्यांची जागा मात्र ती घेत नाहीत.

## ३. नात्याची साखळी

खरं काम इथे आहे, आणि सगळ्यात कमी वेळ लोक इथेच देतात.

मुलाचा जन्मदाखला आणि मामाचा पासपोर्ट जोडला की नातं सिद्ध झालं असं वाटतं. त्या दोन कागदांत दोघांना बांधणारं काहीच नसतं. मधला दुवा असतो मृत भावंड. म्हणून तीन जन्मदाखले लागतात:

अ) स्पॉन्सरचा, ज्यावर त्याचे आईवडील दिसतात.
ब) मृत बहिणीचा किंवा भावाचा, ज्यावर तेच आईवडील दिसतात.
क) मुलाचा, ज्यावर ती मृत बहीण किंवा भाऊ आई किंवा वडील म्हणून दिसतो.

नातवंड असेल तर दोनच पुरतात. सख्खं भावंड असेल तरी दोनच.

नेरूळला सिडकोच्या एका घरात आम्ही हे तीन कागद जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले होते. आजीबाई भिंग घेऊन बसलेल्या. पहिला दाखला कॅनडातल्या मामाचा, सातारा जिल्ह्यातल्या गावचा: बाळाच्या नावाची जागा कोरी, लिंग 'पुरुष', वडिलांचं नाव, बस. दुसरा बहिणीचा, नावासकट. तिसरा नातीचा, आणि त्यावर आईचं नाव भलतंच. आजी म्हणाल्या, "अहो, लग्नात नाव बदललं ना तिचं." घरातल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कॅनडातल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या दोन वेगळ्या बायका होत्या.

लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची आपली पद्धत अशा फायलीत फार नडते. बहीण हयात असती तर राजपत्रात नाव बदलून घेता आलं असतं. गेलेल्या माणसासाठी तो मार्ग नाही. मग हे जमवा:

- विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, त्यावर माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं असतील तर सोन्याहून पिवळं
- शाळा सोडल्याचा दाखला (माहेरचं नाव) आणि शिधापत्रिका, आधार, बँकेचं पासबुक (सासरचं नाव), जन्मतारीख दोन्हीकडे एकच
- लग्नपत्रिका, एकटी पुरेशी नाही, पण 'चि. सौ. कां.'च्या पुढचं नाव आणि खालची आजोबांची नावं बाकीच्यांना आधार देतात
- दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं आजीचं आणि सासरच्या एका माणसाचं प्रतिज्ञापत्र

मामाचा कोरा दाखला सुटला तो प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यावर. नोंदच सापडत नसेल तर निबंधकाकडून 'नोंद उपलब्ध नाही' असं लेखी घ्या आणि त्याला शाळेचा उतारा जोडा. तोंडी 'नाही सापडत' याला किंमत नाही.

मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव घातलेलं आहे का तेही बघा. रुग्णालयातून नोंद गेली आणि बारशानंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही, अशी मुलं आजही निघतात.

तपासणी: कोऱ्या कागदावर उभे रकाने पाडा: जन्मदाखला, आधार, शाळा, पासपोर्ट, मृत्यूचा दाखला. प्रत्येक माणसाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न अक्षर उतरवा. 'दीपक'मध्ये कुठे दोन ई, कुठे एक आय. आडनावाच्या शेवटी कुठे ए, कुठे नाही. एखाद्या अक्षराचा फरक प्रतिज्ञापत्राने भागतो. नाव, जन्मवर्ष किंवा आईवडील वेगळे असतील तर मूळ नोंद दुरुस्त करा.

तरीही शंका राहिली तर कॅनडाकडून डीएनए चाचणी सुचवली जाते. ती त्यांनी सांगितल्यावर, त्यांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेतूनच करायची. आपल्या मनाने कोपऱ्यावरच्या लॅबमधून केलेली चाचणी म्हणजे पैसे पाण्यात.

## ४. पालकत्वाचा न्यायालयाचा आदेश

आजी सांभाळते म्हणजे आजी पालक, हे घरातलं सत्य. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून 'मी पालक आहे' असं लिहिलं तरी कायद्याने ती पालक होत नाही. अल्पवयीन मुलाच्या फॉर्मवर सही कुणी करायची, त्याला देशाबाहेर पाठवायला संमती कुणी द्यायची, हे अधिकाऱ्याला कागदावर दिसलं पाहिजे. त्यासाठी पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली अर्ज करून आदेश घ्यावा.

मूल सध्या जिथे राहतं तिथलं न्यायालय. ठाणे-नवी मुंबईचं मूल ठाणे जिल्ह्यात, कामोठ्याचं रायगडात. जिल्हा न्यायालय की कौटुंबिक न्यायालय हे वकील सांगेल.

वकिलाला पहिल्याच भेटीत ही गोष्ट सांगा: मुलाला कॅनडात कायमचं पाठवण्याची परवानगी याच अर्जात मागा. त्या कायद्याच्या कलम २६ नुसार न्यायालयाने नेमलेला पालक न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाल्याला त्याच्या हद्दीबाहेर नेऊ शकत नाही. नुसता 'आजीला पालक नेमलं' असा आदेश आणला आणि विमानाच्या तिकिटापर्यंत पोचल्यावर पुन्हा न्यायालयात जावं लागलं, असं होतं. आदेशात कॅनडातल्या नातेवाइकाचं नाव, नातं आणि तिथे कायम वास्तव्यासाठी पाठवायची परवानगी स्पष्ट यावी.

अर्जासोबत दोन्हीकडच्या माणसांची ना हरकत जोडा, आजोळची आणि वडिलांकडचीही. एखादा काका शेवटच्या तारखेला हरकत घेऊन उभा राहतो, आणि बहुतेक वेळा मुद्दा मुलाचा नसतो, फ्लॅटचा असतो. वारसाने मुलाच्या नावावर आलेलं घर न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाला विकता येत नाही. हे सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगितलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याला विचारतात. त्याला पढवू नका, पण काय चाललंय हे घरात त्याच्याशी बोला. चौदा वर्षांच्या पोराला आपण कॅनडाला जातोय हे न्यायालयात पहिल्यांदा कळू नये.

दत्तक घ्यायचं का? या वर्गासाठी गरज नाही. आंतरदेशीय दत्तक हा पूर्ण वेगळा मार्ग आहे, त्याचे नियम आणि यंत्रणा वेगळ्या. गावच्या वकिलाकडून घाईने दत्तकपत्र नोंदवून घेतलं तर सरळ फाईल वाकडी होते.

## ५. पासपोर्ट

आदेश हातात आल्यावर पासपोर्ट. ठाण्याची मंडळी बहुतेक वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जातात. पालकत्वाचा आदेश, दोन्ही मृत्यूचे दाखले आणि जन्मदाखला, मूळ प्रतींसह.

दोन बारीक चुका. आईवडील हयात नसले तरी अर्जात त्यांची नावं भरायची, रकाने रिकामे सोडायचे नाहीत. आणि नावापुढे 'कै.' किंवा 'लेट' लावायचं नाही. शाळेच्या दाखल्यावर ते असतं म्हणून लोक इथेही लिहितात आणि ते नावाचाच भाग होऊन बसतं.

अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा असतो. आधीचा असेल तर त्याची मुदत आजच बघा.

## ६. भाषांतर

ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचे दाखले बहुधा मराठी-इंग्रजी दोन्हींत असतात. शाळेचे उतारे, ग्रामपंचायतीचे दाखले, जुन्या शिधापत्रिका मराठीत. प्रत्येकाचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत, असा तिघांचा संच लागतो. घरातल्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना. शिक्के आणि समासातल्या नोंदीही भाषांतरात यायला हव्यात.

## ७. दरम्यान कॅनडात

हे इथल्या कामाबरोबरच चालू ठेवता येतं. स्पॉन्सर १८ वर्षांवरचा, कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी आणि कॅनडातच राहणारा हवा. दिवाळखोरीतून अजून न सुटलेला, अपंगत्वाशिवाय अन्य कारणाने सरकारी मदतीवर असलेला, किंवा आधीची हमी मोडलेला नको. क्यूबेकमध्ये राहत असेल तर त्या प्रांताची वेगळी प्रक्रियाही करावी लागते.

उत्पन्नाच्या बाबतीत हटकून गैरसमज असतो. नवरा-बायको आणि स्वतःची मुलं यांना बहुधा उत्पन्नाची अट लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं इथेही लागत नसेल. लागते. गेल्या १२ महिन्यांचं उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या किमान रकमेइतकं हवं. आकार मोजताना स्पॉन्सरचं घर, येणारं मूल, आणि आधी स्पॉन्सर केलेल्या ज्यांची हमी अजून चालू आहे ते सगळे धरायचे. पाच वर्षांपूर्वी आईवडिलांना नेलं असेल तर ते दोघंही यात येतात. पुरावा म्हणजे कर विभागाचं नोटीस ऑफ असेसमेंट.

स्पॉन्सर मुलाच्या खर्चाची वर्षानुवर्षांची हमी लिहून देतो. नोकरी गेली, घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. सही करण्याआधी नवरा-बायकोने यावर एकदा शांतपणे बोलावं.

## ८. आता फॉर्म

स्पॉन्सरशिपचा अर्ज (आयएमएम १३४४) आणि मुलाचा कायम वास्तव्याचा अर्ज (आयएमएम ०००८) एकत्रच पाठवायचे. सोबत उत्पन्नाचा आयएमएम १२८३, कुटुंबाच्या माहितीचा आयएमएम ५४०६, आणि पालक बरोबर जाणार नसल्याने त्याच्या संमतीचा आयएमएम ५६०४. बाकी यादी सरकारी चेकलिस्टप्रमाणे, आणि फॉर्म त्याच दिवशी डाउनलोड केलेले. जुनी आवृत्ती परत येते.

- मुलाच्या फॉर्मवर सही कायदेशीर पालकाची. कॅनडातल्या मामाने मुलाच्या वतीने सही ठोकू नये.
- ५४०६ मध्ये मृत आईवडिलांपुढे मृत्यूची तारीख आणि गाव लिहायचं. दाखल्यावर आहे तेच, आठवणीतून नाही.
- लागू नसलेल्या रकान्यात तसं लिहायचं. कोरा रकाना म्हणजे अपूर्ण अर्ज.
- दोन भावंडं असतील तर प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज. ती एकमेकांची आश्रित नसतात.
- अनाथ नातेवाइकांना कायम वास्तव्याच्या हक्काचं शुल्क माफ आहे. प्रक्रियेचं आणि बायोमेट्रिकचं शुल्क वेगळं, ते त्या दिवशीच्या दराने भरा.

वयाचा फास: अपूर्ण अर्ज परत आला तर तो कधी केलाच नव्हता असं धरलं जातं. मूल साडेसतरा वर्षांचं असताना अर्ज परत येणं म्हणजे बहुधा संधी गेली. म्हणून सोळा उलटलेलं मूल असेल तर दाखल्यांचं आणि न्यायालयाचं काम एकाच आठवड्यात सुरू करा आणि वकिलाला वाढदिवसाची तारीख लिहून द्या.

## ९. अर्ज गेल्यावर

बायोमेट्रिक १४ वर्षांवरच्या मुलांनाच. पत्र आल्यावर मुंबईतल्या व्हिसा अर्ज केंद्रात वेळ घ्यायची. वैद्यकीय तपासणी सूचना आल्यावर, नेमलेल्या डॉक्टरकडेच. घरच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र चालत नाही. मुलाला एखादा दीर्घ, खर्चिक आजार असेल तर आधीच सल्ला घ्या. आरोग्यसेवेवर जास्त भार पडेल या कारणावरून नकार येऊ शकतो, आणि स्वतःच्या मुलांना असलेली सूट अनाथ नातेवाइकांना नाही. वाट पाहता पाहता मूल १८ चं झालं तर पोलिस प्रमाणपत्रही मागितलं जाऊ शकतं.

घर बदललं, शाळा बदलली, पालक आजी वारल्या, तर लगेच कळवा. शेवटची गोष्ट बोलायला बरी वाटत नाही, पण आजी सत्तरीच्या पुढच्या असतात. न्यायालयाच्या अर्जातच मामीला किंवा मावशीला दुसरी पालक नेमून घेतलेलं बरं.

मंजुरी आली की पासपोर्टवर व्हिसा लागतो आणि कायम वास्तव्याचं पुष्टिपत्र मिळतं. त्यावर एक शेवटची तारीख असते. ती बहुधा वैद्यकीय तपासणीपासून एक वर्ष किंवा पासपोर्ट संपण्याचा दिवस, यातलं जे आधी येईल ते. त्या तारखेच्या आत कॅनडात उतरावंच लागतं, दहावीची परीक्षा मध्ये आली तरी.

तिकीट काढताना मूल एकटं जाणार की कुणाबरोबर, ते विमान कंपनीला सांगा. पालकत्वाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, दोन्ही मृत्यूचे दाखले, जन्मदाखला आणि पुष्टिपत्र एका पिशवीत घालून ती मुलाच्या हातातल्या बॅगेत ठेवा. लोणच्याच्या बरणीसोबत चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.